संगणकाची प्रणाली बदलली. पत्रे का थांबली?

समजा, एका शाळेच्या कार्यालयातील संगणकावर काल नवी ऑपरेटिंग सिस्टिम घातली. आज सकाळी पडदा पूर्वीपेक्षा देखणा दिसतो आहे, पण ई-मेल मात्र येत नाही आणि जातही नाही. शिष्यवृत्तीचे अर्ज पाठविण्याची मुदत उद्या संपते. अशा वेळी बहुतेक माणसे काय करतात? पासवर्ड बदलून पाहतात, खाते काढून टाकून पुन्हा घालतात, दिसेल ते बटण दाबतात. दुपारपर्यंत मूळच्या एका बिघाडात आणखी तीन बिघाडांची भर पडते आणि कधीकधी जुनी पत्रेही कायमची नाहीशी होतात.

हा प्रसंग आज पुष्कळांवर येतो. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला आणि ठिकठिकाणी प्रणाली बदलण्याची वेळ आली. प्रयोगशाळेत आपण बिघडलेला विद्युत्‌मंडल ज्या रीतीने तपासतो, त्याच रीतीने हा बिघाडही शोधता येतो. त्यासाठी संगणकतज्ज्ञ असण्याची गरज नाही. पत्र कोणत्या वाटेने जाते हे ठाऊक हवे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलण्याचा संयम हवा.

पत्राचा प्रवास

१९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन या अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पहिले पत्र पाठविले. ते दोन्ही संगणक एकाच खोलीत शेजारी शेजारी होते! आपल्या ई-मेलच्या पत्त्यात मधोमध दिसणारे ‘ॲट’ हे चिन्ह त्यानेच निवडले. आज पत्र जगाच्या दुसऱ्या टोकाला जाते, पण तत्त्व फारसे बदललेले नाही.

पत्र पाठविणे आणि पत्र मिळविणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, हे प्रथम ध्यानात घ्या. आपण पत्र रस्त्यावरच्या तांबड्या पेटीत टाकतो. आपल्याला आलेले पत्र मात्र त्या पेटीत सापडत नाही. ई-मेलचेही तसेच आहे. पत्र पाठविण्याच्या नियमांना एसएमटीपी म्हणतात. हे नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये प्रसिद्ध केले. आलेली पत्रे घेण्याचे नियम दोन प्रकारचे आहेत : पॉप आणि आयमॅप. पॉपची पहिली आवृत्ती १९८४ ची. आयमॅपची कल्पना मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्ड येथे मांडली.

पॉप आणि आयमॅप यांतील फरक फार महत्त्वाचा आहे. पॉपच्या मूळ पद्धतीत आपला संगणक सर्व्हरवरील पत्रे उतरवून घेतो आणि सर्व्हरवरील प्रत पुसली जाते. म्हणजे पत्र फक्त आपल्या संगणकावर उरते. सर्व्हरवर प्रत ठेवण्याची सोय असते, पण ती मुद्दाम निवडावी लागते. आयमॅपमध्ये पत्र सर्व्हरवरच राहते. आपण पाहतो ती त्याची प्रत.

आता साखळी मांडू. पत्रे हाताळणारा प्रोग्रॅम, त्याखालची ऑपरेटिंग सिस्टिम, घरातला किंवा शाळेतला वाय-फाय राउटर, इंटरनेट पुरविणाऱ्याची लाइन, सर्व्हरच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधून देणारी डीएनएस यंत्रणा, संभाषण गुप्त ठेवणारे टीएलएस, आपली ओळख पटविणे आणि शेवटी सर्व्हरवरील पत्रपेटी. अशा या आठ कड्या. त्यांतील एक तुटली तरी पडद्यावर दिसते ते एकच : ‘पत्रे येत नाहीत.’

प्रणाली बदलली की काय बदलते?

तुम्ही म्हणाल, ‘पत्रांचा प्रोग्रॅम वेगळा आणि ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी, मग एकीच्या बदलाने दुसऱ्याला बाधा का यावी?’ प्रश्न योग्य आहे. पण प्रोग्रॅम स्वतः थोडेच करतो. फाइल उघडणे, पासवर्ड जपून ठेवणे, वेळ सांगणे, नेटवर्कशी बोलणे ही सारी कामे तो ऑपरेटिंग सिस्टिमकडून करून घेतो. भाडेकरू तोच राहिला, पण घरमालकाने कुलपे, नळ आणि दारवान बदलले, तर भाडेकरूची गैरसोय व्हायचीच.

हे बदल मुख्यतः पाच प्रकारचे असतात.

१. प्रोग्रॅमच निवृत्त होतो. विंडोज एक्सपीबरोबर आउटलुक एक्सप्रेस हा प्रोग्रॅम येत असे. २००७ मध्ये बाजारात आलेल्या व्हिस्टाने त्याच्या जागी विंडोज मेल आणला आणि २००९ च्या विंडोज ७ मध्ये तर सोबत पत्रांचा प्रोग्रॅमच दिला नव्हता. पुढे विंडोज १० बरोबर आलेल्या मेल या प्रोग्रॅमचा पाठिंबाही ३१ डिसेंबर २०२४ रोजी संपला.

२. जपून ठेवलेली ओळख हरवते. पासवर्ड किंवा त्याऐवजी मिळालेली परवानगीची किल्ली नव्या प्रणालीत पोचत नाही आणि पुन्हा ओळख पटवावी लागते.

३. पहारा बदलतो. फायरवॉल म्हणजे संगणकाचा दारवान. नेहमीचे नेटवर्क त्याला नवे आणि परके वाटते, किंवा जुन्या प्रोग्रॅमला दिलेली परवानगी त्याच्या यादीत उरत नाही. पत्रे तपासणारा जुना अँटिव्हायरसही नव्या प्रणालीशी जुळत नाही आणि वाटेत अडवणूक करतो.

४. सुरक्षिततेची किमान पातळी वर जाते. टीएलएसची १.० ही आवृत्ती १९९९ ची, १.१ ही २००६ ची. या दोन्ही आवृत्त्या वापरू नयेत, असे इंटरनेटचे नियम ठरविणाऱ्या आयईटीएफ या मंडळाने मार्च २०२१ मध्ये जाहीर केले. सर्व्हर जुना आणि संगणक नवा असेल, तर दोघांना समान भाषाच सापडत नाही.

५. आकडे बदलतात. खाते नव्या प्रोग्रॅममध्ये पुन्हा घालताना सर्व्हरचे नाव किंवा पोर्टचा क्रमांक चुकतो. पोर्ट म्हणजे काय? टपाल कचेरी एकच, पण रजिस्टरची खिडकी वेगळी असे आणि मनीऑर्डरची वेगळी. तसेच सर्व्हर एकच असला तरी आयमॅपची सुरक्षित खिडकी ९९३ क्रमांकाची, पॉपची ९९५ ची आणि पत्र स्वीकारण्याची ५८७ किंवा ४६५ ची. खिडकी चुकली की काम झाले नाही!

यांशिवाय सहावी शक्यता विसरू नका : बदलाचा काहीच संबंध नसेल! कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते. ज्या रात्री आपण प्रणाली बदलली, त्याच रात्री इंटरनेटची तार तुटलेली असू शकते. एक गोष्ट दुसरीच्या नंतर घडली, म्हणून ती दुसरीमुळेच घडली असे सिद्ध होत नाही. त्यासाठी चाचणी हवी.

सर्वांत आधी पत्रे सांभाळा

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी एक प्रश्न विचारा : पत्रे कोठे आहेत? खाते आयमॅपचे असेल, तर बहुतेक पत्रे सर्व्हरवर सुरक्षित असतात. खाते पॉपचे असेल, तर दहा वर्षांची पत्रे केवळ याच संगणकाच्या डिस्कवर असू शकतात. अशा वेळी ‘खाते काढून पुन्हा घालू’ हा उपाय महागात पडतो. पत्र उशिरा गेले तर क्षमा मागता येते. पुसलेली एकमेव प्रत मात्र परत आणता येईलच असे नाही.

म्हणून प्रोग्रॅम बंद करा आणि पत्रांच्या फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर घ्या. थंडरबर्डची पत्रे ‘प्रोफाइल’ नावाच्या फोल्डरमध्ये असतात. जुन्या पद्धतीच्या आउटलुकमध्ये पॉप खात्याची पत्रे सहसा पीएसटी प्रकारच्या फाइलीत असतात. आउटलुक एक्सप्रेसची पत्रे डीबीएक्स प्रकारच्या फाइलींत असत. ही फोल्डरे पुष्कळदा लपविलेली असतात. म्हणून ती दिसत नाहीत, यावरून ती नाहीत असे समजू नका.

विंडोजची नवी आवृत्ती जुन्या आवृत्तीवर घातली, की जुन्या प्रणालीच्या फाइली ‘विंडोज ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये काही काळ ठेवल्या जातात. हा काळ सहसा १० दिवसांचा असतो. त्यानंतर त्या आपोआप पुसल्या जातात. तेवढ्या दिवसांत मागे फिरण्याची सोयही असते. तेव्हा पत्रे दिसत नसतील, तर ‘पुढच्या महिन्यात पाहू’ म्हणू नका.

अर्धे अर्धे करून शोधा

दिवाळीच्या जुन्या माळेत ६४ बल्ब एकसर जोडणीत आहेत आणि त्यांतला एक गेला आहे, असे समजा. एकेक बल्ब तपासू लागलो, तर ६३ चाचण्याही लागू शकतात. पण माळेचा प्लग काढून मीटरने आधी अर्धी माळ तपासली, तर ३२ बल्ब एकदम निर्दोष ठरतात. उरलेल्या ३२ चे पुन्हा दोन भाग करू. ६४, ३२, १६, ८, ४, २, १ अशा रीतीने सहा चाचण्यांत दोषी बल्ब सापडतो. आपल्या साखळीत तर आठच कड्या आहेत. नेमकी अर्धी विभागणी साधली, तर तीन चाचण्या पुरतील. प्रत्यक्षात विभागणी इतकी नीटनेटकी होत नाही, पण तत्त्व तेच.

पहिली चाचणी : त्याच संगणकावर ब्राउझर उघडा, पत्रसेवेच्या संकेतस्थळावर जा आणि तेथून स्वतःलाच एक पत्र पाठवा. ते पोचले, तर राउटर, लाइन, खाते आणि पत्रपेटी या कड्या निर्दोष. संशय आता पत्रांचा प्रोग्रॅम, त्याची मांडणी आणि त्याच्यावरचा पहारा यांच्यावर आला.

इतर संकेतस्थळे उघडतात, पण पत्रसेवेचेच उघडत नाही, तर दोष सेवा देणाऱ्याकडे किंवा खात्यात असण्याचा संभव. मग नव्या प्रणालीवर राग काढण्यात अर्थ नाही. आणि कोणतेच संकेतस्थळ उघडत नसेल तर?

मग दुसरी चाचणी करा. मोबाइलवरील डेटा बंद करून तो त्याच वाय-फायला जोडा. मोबाइलवर संकेतस्थळे उघडली, तर लाइन ठीक आहे आणि दोष संगणकाच्या नेटवर्क जोडणीत आहे. मोबाइलवरही उघडली नाहीत, तर दोष राउटरमध्ये किंवा लाइनमध्ये आहे. नवी प्रणाली निर्दोष सुटली.

तिसरी चाचणी : पत्रे येतात पण जात नाहीत, की जातात पण येत नाहीत, की दोन्ही बंद? एक दिशा चालू असेल, तर प्रोग्रॅम इंटरनेटपर्यंत पोचतो हे उघड आहे. मग बंद असलेल्या दिशेच्या मांडणीकडेच पाहावे.

प्रत्येक चाचणीचा निकाल वहीत लिहा. काय केले, काय दिसले, किती वाजता. तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी वही कशाला? पण पाच बदल करून झाल्यावर पत्रे सुरू झाली, तर कोणत्या बदलाने सुरू झाली हे वहीच सांगेल. एक बदल करा, परिणाम पाहा, उपयोग झाला नाही तर तो बदल मागे घ्या आणि मगच पुढचा करा.

मौन, नकार आणि उत्तर

पडद्यावरचा त्रुटीचा संदेश वाचण्यापूर्वीच पुसून टाकण्याची आपल्याला खोड असते. वास्तविक तोच सर्वांत चांगला साक्षीदार. हे संदेश तीन जातींचे असतात.

पहिली जात मौनाची. ‘वेळ संपली, सर्व्हरकडून उत्तर नाही.’ तुम्ही दरीत हाक मारली, पण प्रतिध्वनी आला नाही. पत्र वाटेतच अडले आहे किंवा ज्या दाराशी गेले तेथे कोणी ऐकत नाही. फायरवॉल, लाइन आणि पोर्ट क्रमांक पाहा.

दुसरी जात नकाराची. ‘जोडणी नाकारली.’ समोरचा संगणक जागा आहे, पण त्या खिडकीवर कोणी बसलेले नाही. पोर्टचा क्रमांक किंवा सर्व्हरचे नाव चुकले असण्याचा संभव मोठा.

तिसरी जात उत्तराची. सर्व्हर बोलतो, पण तक्रार करतो. याचा अर्थ वाट मोकळी आहे! पत्र पाठविताना सर्व्हर तीन आकडी उत्तरे देतो आणि त्यांतील पहिला आकडा पुष्कळ सांगून जातो. २ म्हणजे काम झाले. ३ म्हणजे पुढे सांगा. ४ म्हणजे तूर्त जमत नाही, थोड्या वेळाने या. ५ म्हणजे जमणार नाही. २५० हे उत्तर आले की काम फत्ते. ४२१ म्हणजे सेवा तूर्त उपलब्ध नाही. ५३५ म्हणजे ओळख पटली नाही. ५५० हे उत्तर बहुधा पत्ता अस्तित्वात नसला किंवा पत्र स्वीकारावयाचे नसले म्हणजे येते.

५३५ दिसले म्हणजे पासवर्ड चुकलाच, असे मात्र नाही. उदाहरणार्थ, गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी केवळ नाव आणि पासवर्ड देऊन बाहेरच्या प्रोग्रॅममधून प्रवेश करण्याची जुनी सोय ३० मे २०२२ पासून बंद केली. आता प्रोग्रॅमच्या मांडणीत ‘ओऑथ’ ही पद्धत निवडून गूगलच्या पानावर ओळख पटवावी लागते. जुन्या प्रोग्रॅमला ती पद्धत येत नसेल, तर दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून त्याच्यासाठी १६ अक्षरांचा वेगळा पासवर्ड घेता येतो.

घड्याळ आणि प्रमाणपत्र

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला आवडेल असा हा बिघाड आहे. सर्व्हर आपली ओळख एका प्रमाणपत्राने पटवितो. त्या प्रमाणपत्रावर ‘या दिवसापासून या दिवसापर्यंत ग्राह्य’ असे लिहिलेले असते. आजची तारीख त्या दोहोंच्या मध्ये आहे की नाही, हे संगणक स्वतःच्या घड्याळावरून ठरवितो. संगणक बंद असताना हे घड्याळ चालू ठेवण्यासाठी पुष्कळ मेजावरच्या संगणकांत रुपयाएवढी चपटी, ३ व्होल्टची बॅटरी असते. ती संपली की घड्याळ काही वर्षे मागे जाते आणि आजचे खरे प्रमाणपत्र संगणकाला ‘अजून सुरूच झालेले नाही’ असे वाटते. पत्रे थांबतात, पण पत्रव्यवस्थेत काहीच बिघडलेले नसते! तारीख, वर्ष, वेळ आणि वेळ-विभाग बरोबर करा. भारतासाठी तो ग्रिनिचच्या ५ तास ३० मिनिटे पुढे असतो.

याउलट, घड्याळ बरोबर असूनही प्रमाणपत्राचा इशारा येत असेल, तर ‘तरीही पुढे जा’ हे बटण दाबू नका. आपण ज्याला पासवर्ड सांगत आहोत तो खरा सर्व्हर आहे, याची खात्री देणारी ती एकच खूण आहे. आधी सर्व्हरचे नाव बरोबर लिहिले आहे का ते पाहा. त्याचप्रमाणे दुरुस्तीसाठी म्हणून फायरवॉल कायमची बंद ठेवू नका, आणि मदत करतो असे सांगून फोनवर पासवर्ड किंवा ओटीपी मागणाऱ्याला तो देऊ नका. पत्रे चार तास उशिरा आली तर चालेल. खातेच दुसऱ्याच्या हाती गेले तर चालणार नाही.

एक सोडविलेले उदाहरण

आरंभी मांडलेल्या शाळेच्या उदाहरणात कोणी घाईने खाते पुन्हा घातले, असे समजू. पत्रे आता येऊ लागली, पण जात नाहीत. संदेश असा : ‘वेळ संपली.’ ब्राउझरमधून पत्र जाते. घड्याळ बरोबर आहे. दोष कोठे?

ब्राउझरमधून पत्र जाते, म्हणून लाइन आणि खाते ठीक. पत्रे येतात, म्हणून प्रोग्रॅम इंटरनेटपर्यंत पोचतो. एकच दिशा बंद, म्हणून संशय पाठविण्याच्या मांडणीवर. संदेश मौनाच्या जातीचा, म्हणून पासवर्डचा प्रश्न अजून आलेलाच नाही. मांडणी उघडून पाहिली, तर पाठविण्याच्या सर्व्हरचा पोर्ट २५ लिहिलेला दिसला. पोर्ट २५ हा सर्व्हरने सर्व्हरला पत्र देण्यासाठी आहे. नको असलेल्या जाहिरातींच्या पत्रांना आळा घालण्यासाठी इंटरनेट पुरविणारे अनेकजण तो सामान्य ग्राहकांना बंद ठेवतात. ग्राहकांनी पत्र देण्यासाठी पोर्ट ५८७ हा १९९८ च्या नियमांत वेगळा नेमून दिलेला आहे. सेवा देणाऱ्याच्या मदत-पानावरही ५८७ च दिले होते. २५ च्या जागी ५८७ लिहिले, सुरक्षिततेची पद्धत त्या पानावर आहे तीच निवडली, आणि पत्र गेले. पासवर्ड बदलावा लागला नाही, खाते पुसावे लागले नाही, एकही पत्र हरवले नाही.

करून पाहा आणि विचार करा

१. घरच्या किंवा शाळेच्या संगणकावरील पत्रांचे खाते पॉपचे आहे की आयमॅपचे, हे मांडणीत पाहा. काही बदलू नका. सर्व्हरची नावे, पोर्ट क्रमांक आणि सुरक्षिततेची पद्धत वहीत उतरवून घ्या. पासवर्ड मात्र लिहू नका. पुढच्या वेळी प्रणाली बदलताना हे पान कामाला येईल.

२. शिक्षकांच्या देखरेखीखाली पत्रांच्या फाइलींची प्रत घ्या आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडते का ते तपासा. न तपासलेल्या प्रतीवर विसंबता येत नाही.

३. साखळीत १६ कड्या असत्या आणि प्रत्येक चाचणी निम्म्या संशयितांना निर्दोष ठरवीत असती, तर किती चाचण्या लागल्या असत्या? १००० कड्यांसाठी?

४. एका संगणकावर पत्रे येत नाहीत, जात नाहीत, आणि जवळजवळ प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळ प्रमाणपत्राचा इशारा देते. मोबाइलवर मात्र त्याच वाय-फायने सारे ठीक चालते. पहिली चाचणी कोणती कराल आणि का?